बग्गी, गवत आणि दुखरे गुडघे

मराठी विभागात गोल्फवरचा लेख बघून लगेच पान उलटू नका. आपल्या मालवण किनाऱ्यावर गोल्फ कोणी खेळत नाही हे मलाही माहीत आहे. इथे मोकळी जागा दिसली की पोरं स्टंप ठोकतात, आणि स्टंप नसतील तर माडाचं पिडं उभं करतात. पण गोल्फच्या मैदानावर एक वाद गेली पंचवीस-तीस वर्षं चालू आहे. त्यात सॉईल मेकॅनिक्स आहे, कायदा आहे आणि चालता न येणाऱ्या माणसाचा हट्टसुद्धा आहे. तो वाद नीट समजून घेतला की आपल्याच वाळूतल्या आणि किल्ल्यातल्या काही गोष्टी वेगळ्या दिसायला लागतात. म्हणून हा खटाटोप. (आमचं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!)

आधी खेळ थोडक्यात. पूर्ण गोल्फ कोर्सवर अठरा होल असतात. प्रत्येक होलची सुरुवात 'टी'पासून होते, मग गवताचा लांबलचक पट्टा म्हणजे 'फेअरवे', आणि शेवटी तीन-चार मिलिमीटरपर्यंत कापलेलं मखमली गवत, म्हणजे 'ग्रीन'. भोक या ग्रीनमध्ये असतं. अठरा होलची कागदावरची लांबी सहा किलोमीटरच्या आसपास भरते, पण चेंडू काही शहाण्यासारखा सरळ जात नाही आणि एका होलवरून पुढच्या होलपर्यंतही जावं लागतं. त्यामुळे प्रत्यक्ष चाल आठ किलोमीटरच्या घरात जाते. वेळ चार-पाच तास. म्हणजे खेळ हाताचा, कमरेचा आणि नजरेचा, पण तो खेळायला जायचं तर पाय पाहिजेत. ज्यांचे गुडघे संधिवाताने गेलेत, ज्यांना लहानपणी पोलिओ झाला, ज्यांचा पाय अपघातात गेला, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारी छोटी गाडी आली. आपल्याकडे तिला बग्गी म्हणतात. आळशी लोकांनीही ती लगेच उचलली, हा भाग वेगळा!

अडचण अशी, की बग्गी हवी तिथे नेता येत नाही. ग्रीनवर तर नाहीच नाही. पाऊस पडून गेला की बोर्ड लागतो: बग्गी फक्त पक्क्या रस्त्यावरून. काही ठिकाणी काटकोनाचा नियम असतो. म्हणजे रस्त्यावरूनच चेंडूच्या समोर यायचं, तिथून काटकोनात वळून चेंडूपर्यंत जायचं, फटका मारायचा आणि त्याच वाटेने परत. काही कोर्सवर बग्गीच नाही, चाला किंवा घरी बसा.

हे ऐकून पहिल्यांदा माझाही पारा चढला होता. पण नियम करणारे सगळेच दुष्ट नसतात, त्यांच्या पायाखाली खरोखर जमीन असते आणि ती खराब होते. टी.ई. सिव्हिलला असल्यामुळे मला यातला हा भाग सगळ्यात आवडला, तेव्हा जरा थांबून बघू.

आपण लॅबमध्ये प्रॉक्टर टेस्ट करतो. (जर्नल पूर्ण करायला करतो, पण करतो.) आर. आर. प्रॉक्टर यांनी 1933 साली मांडलेली गोष्ट एवढीच, की माती कोरडी ठणठणीत असताना ठोकली तर फार दबत नाही, पाण्याने पूर्ण भरलेली असताना ठोकली तरी नाही, पण मधे एका ठराविक ओलाव्याला ती सगळ्यात जास्त घट्ट बसते. रस्ता बांधणाऱ्याला हाच ओलावा हवा असतो. गवत वाढवणाऱ्याला नेमका हाच नको असतो, कारण मुळांना श्वास घ्यायला मातीत पोकळ्या लागतात आणि घट्ट बसलेल्या मातीत हवाही नाही, पाण्याला वाटही नाही. पाऊस थांबून थोडं निथळलं की मैदान बरोबर या धोक्याच्या ओलाव्याजवळ येतं. त्याहून जास्त ओलं असेल तर माती दबण्याऐवजी चाकाच्या दोन्ही बाजूंनी वर येते आणि चर पडतात. म्हणजे पावसानंतर बग्गी बंद करणाऱ्या माळ्याने प्रॉक्टरचं नाव ऐकलेलं नसेल, पण त्याला त्याचा कर्व्ह पाठ असतो. आपल्या सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे गोल्फ कोर्स असता तर चार महिने हा बोर्ड उतरलाच नसता.

आता आकडे मांडू. दोन माणसं बसलेली बग्गी साधारण 600 किलोची धरा. टायरमधली हवा 20 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 1.4 किलो. मऊ टायर जमिनीवर जो दाब देतो तो जवळपास त्याच्यातल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. म्हणजे 600 भागिले 1.4, सुमारे 430 चौरस सेंटिमीटर. चार चाकांत वाटलं तर एकेका चाकाला पोस्टकार्डापेक्षाही लहान जागा! आता चालणारा माणूस बघा. 70 किलोचा माणूस चालताना एका पायावर येतो, बुटाचा तळ 170 चौरस सेंटिमीटर धरला तर दाब 0.4 किलो. म्हणजे बग्गीचा दाब पावलाच्या साडेतीनपट. टाच टेकताना पावलाचा दाब क्षणभर वाढतो हे मान्य, पण पाऊल उचललं जातं. चाक मात्र सलग पट्टा दाबत जातं, आणि वळताना गवताला पिळतं. ब्रेक मारला तर सालच काढतं. शिवाय बूसिनेस्कचं समीकरण आठवा: वरचा दाब सारखा असला तरी एकूण भार जास्त असेल तर तो ताण जमिनीत जास्त खोलवर जातो. म्हणून फक्त टायर रुंद केले की प्रश्न सुटला असं होत नाही, गाडीचं वजनही उतरवावं लागतं.

पण इथेच एक मेख आहे. हे सगळे आकडे गाडीचे आहेत, गाडीत बसलेल्या माणसाचे नाहीत. एका माणसासाठी बनवलेली हलकी गाडी घ्या. माणसासकट 330 किलो, टायरची हवा 7 पीएसआय. दाब आला 0.5 किलो, पावलाच्या जवळपास. अशा गाड्या आहेत, गेली अनेक वर्षं आहेत. त्यांची सीट बाजूला फिरते, सगळे कंट्रोल हातात असतात आणि बसल्या जागेवरून फटका मारता येतो. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या अँथनी नेट्टो यांनी तर पॅरागोल्फर नावाची तीन चाकी गाडी तयार केली. ती कमरेखाली हालचाल नसलेल्या माणसाला पट्ट्यांनी धरून सरळ उभं करते, आणि तो उभ्याने खेळतो. नेट्टो स्वतः व्हीलचेअर वापरणारे. रुंद टायरमुळे अशा गाड्या ग्रीनवरसुद्धा नेता येतात. तरी कित्येक क्लबांच्या बोर्डावर एकच ओळ असते, 'बग्गीला मनाई', आणि 600 किलोच्या गाडीचा नियम 330 किलोच्या गाडीलाही लागतो.

"रस्त्यापर्यंत तर बग्गी देतो ना, पुढचं थोडंसं चाला," असं म्हणणाऱ्यांसाठी अजून एक हिशोब. चांगला खेळाडू अठरा होलला 72 फटके मारतो. त्यातले निम्मे, म्हणजे 36, ग्रीनवरचे हलके टोले असतात असं धरतात. उरले 36. टीच्या जवळ रस्ता असतो म्हणून पहिले 18 फटके सोडून द्या. राहिलेले 18 फटके आणि 18 वेळा ग्रीनपर्यंत जाणं, अशा 36 खेपा. रस्त्यापासून चेंडू सरासरी 30 मीटरवर धरला तर जाऊन येऊन 60 मीटर. गुणाकार करा: 2160 मीटर. सव्वादोन किलोमीटरच्या जरा कमी, तेही गवतात, चढउतारावर, हातात काठी घेऊन. आपल्यासारख्यांना होस्टेलवरून कँटीनला दोन-चार चकरा. ज्याच्या गुडघ्यात कूर्चाच उरलेली नाही, त्याला हे 'थोडंसं' नाही. आणि मी चांगला खेळाडू धरलाय, नवशिक्या माणसाचे फटके शंभराच्या वर जातात.

यावर एक साधा उपाय अमेरिकेतल्या बऱ्याच कोर्सवर आहे. ज्यांना चालण्याची अडचण आहे त्यांच्या बग्गीला एक रंगीत झेंडा लावतात. झेंडा असलेली बग्गी इतरांपेक्षा ग्रीनच्या जास्त जवळ जाऊ शकते. दिवसाला अशा किती गाड्या असणार? दोन, चार? तेवढ्याने मैदानाचं फारसं बिघडत नाही. जमिनीला सहन होतं ते एकूण वाहतुकीचं गणित असतं, आणि त्या गणितातून मोजक्या गाड्या मोकळ्या करायला काही रॉकेट उडवावं लागत नाही. फक्त कोणाला झेंडा द्यायचा हे ठरवणारा माणूस समंजस पाहिजे.

इथपर्यंत जमीन होती. आता खेळाकडे येऊ, कारण सगळ्यात गाजलेला वाद गवताचा नव्हताच.

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातला केसी मार्टिन. जन्म 1972 चा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघात टायगर वूड्सचा सहकारी. मार्टिनच्या उजव्या पायात जन्मापासून रक्ताभिसरणाचा एक दुर्मिळ विकार होता. पायातलं रक्त हृदयाकडे नीट परत जायचं नाही, पाय सुजायचा, हाड झिजत चाललेलं, आणि जास्त चाललं तर हाड मोडण्याची किंवा गुठळी होण्याची भीती. फटका मात्र अस्सल. व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरच्या पात्रता फेरीत पहिल्या दोन टप्प्यांना बग्गी चालत होती, तिसऱ्याला नाही. मार्टिनने सूट मागितली, टूरने नाही म्हटलं, आणि 1997 साली तो कोर्टात गेला. कोर्टाच्या अंतरिम आदेशावर बग्गीत बसून खेळताना त्याने जानेवारी 1998 मध्ये टूरच्याच दुसऱ्या फळीतली लेकलँड क्लासिक ही स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी यू.एस. ओपनलाही तो पात्र ठरला.

टूरचं म्हणणं असं: आठ किलोमीटर चालून येणारा थकवा हा खेळाचाच भाग आहे. सगळे थकतात, हा एकटा बसून जाणार, मग बरोबरी कुठे राहिली? त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला अर्नोल्ड पामर आणि जॅक निकलॉस उभे होते. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर गावसकर आणि कपिल देव दोघेही तुमच्या विरुद्ध साक्षीला! मार्टिनच्या बाजूने एक शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी हिशोब मांडला, की पाच तासांत पसरलेल्या या चालण्यात जेमतेम 500 कॅलरी खर्च होतात. दोन वडापावांपेक्षा कमीच. आणि एक गोष्ट मला फार भिडली. बग्गीत बसूनही मार्टिनला बग्गीपासून चेंडूपर्यंत आणि परत असं दीड किलोमीटरच्या वर चालावंच लागत होतं, आणि तेवढ्यानेही तो इतरांपेक्षा जास्त थकत होता, वेदना वेगळ्याच.

29 मे 2001 रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 2 असा निकाल मार्टिनच्या बाजूने दिला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या निकालाचं सार माझ्या शब्दांत असं: गोल्फ म्हणजे काठीने चेंडू भोकापर्यंत नेणं. उद्या कोणी म्हणालं की भोकाचा व्यास तीन इंचाचा सहा इंच करा, तर तो खेळच बदलला. चेंडूपर्यंत तुम्ही कसे पोचलात याने खेळ बदलत नाही. दुसरं, सूट मागणाऱ्याला तिचा इतरांवर फायदा मिळतो का, हे त्या एका माणसाकडे बघून ठरवायचं. सरसकट 'नियम म्हणजे नियम' म्हणून हात झटकायचे नाहीत.

विरोधात मत देणाऱ्या न्यायमूर्ती स्कॅलिया यांचा मुद्दाही आपल्या होस्टेलच्या कॉमन रूममध्ये चर्चेला घ्यावा असा आहे. ते म्हणाले की खेळाचे सगळेच नियम मनाने ठरवलेले असतात. कॅरममध्ये क्वीनला कव्हर का लागतं, याला काही कारण नाही, ठरलंय म्हणून. (उदाहरण माझं.) मग यातला कुठला नियम 'आवश्यक' आणि कुठला नाही, हे न्यायाधीशाने कशावरून ठरवायचं? मला हा प्रश्न खरा वाटतो, पण उत्तर पटत नाही. कारण टूरने स्वतःच पात्रता फेरीच्या सुरुवातीला आणि ज्येष्ठांच्या स्पर्धांमध्ये बग्गी चालवून घेतली होती. तिथे चालणं 'आवश्यक' नव्हतं, मार्टिन आल्यावर झालं!

निकालाने वाद संपला असं नाही. 2019 मध्ये जॉन डेली या माजी विजेत्याला गुडघ्याच्या संधिवातामुळे अमेरिकेत पीजीए चॅम्पियनशिपमध्ये बग्गी मिळाली, आणि दोनच महिन्यांनी ब्रिटिशांच्या ओपन स्पर्धेत नाकारली गेली. तिथले आयोजक म्हणाले की चालणं आमच्या स्पर्धेचा अविभाज्य भाग. डेलीने माघार घेतली. एकच गुडघा, एकच वर्ष, दोन उत्तरं. मधल्या काळात खेळाचे नियम मात्र थोडे पुढे सरकले. 1 जानेवारी 2023 पासून गोल्फच्या मुख्य नियमपुस्तकातच अपंग खेळाडूंसाठीचा 25 वा नियम आला. अंध, अंगच्छेद झालेले, चाकाची साधनं वापरणारे, अशांसाठीचे बदल आता पुरवणीत नाहीत, पुस्तकात आहेत. मार्टिनचा तो उजवा पाय अखेर 2021 मध्ये कापावा लागला. ओरेगन विद्यापीठाच्या संघाचा तो 2006 मध्ये प्रशिक्षक झाला.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, श्रीमंतांचा खेळ, अमेरिकेतलं कोर्ट, आमचं काय? तर आता आपल्याकडे या. बग्गीवरची बंदी आपल्या महाराष्ट्रात एका अख्ख्या गावाने पाळलीय. माथेरान! तिथे मोटारगाड्यांना मनाई आहे, दस्तुरी नाक्याला गाडी सोडायची आणि बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर चालायचं, नाहीतर घोडा, नाहीतर माणसाने ओढायची हातरिक्षा. 2003 मध्ये केंद्र सरकारने माथेरानला इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर केलं आणि बंदी आणखी पक्की झाली. झाडं, लाल माती, शांतता या सगळ्यासाठी ती बंदी हवीच. पण घोड्यावर बसता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने काय करायचं? दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर, त्याच्या छातीच्या जोरावर चढ चढायचा. म्हणजे एकाची चालण्याची अडचण दुसऱ्याच्या अंगावर! हातरिक्षा ओढणारेच सुप्रीम कोर्टात गेले, आणि मे 2022 मध्ये कोर्टाने ई-रिक्षाच्या चाचणीला परवानगी दिली. 5 डिसेंबर 2022 पासून तीन महिने सात ई-रिक्षा चालल्या. शाळेची मुलं आणि ज्येष्ठ नागरिक यांनी त्या भरभरून वापरल्या. पुढे 6 ऑगस्ट 2025 रोजी कोर्टाने हातरिक्षा ही मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे असं स्पष्ट म्हटलं आणि सहा महिन्यांत ती टप्प्याटप्प्याने बंद करून ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा देण्याच्या दिशेने जायला सांगितलं. मोटारबंदी तशीच राहिली. गोल्फच्या झेंड्याशी हे किती जुळतं बघा: बंदी ठेवायची, आणि तिच्यात हलक्या चाकांची मोजकी वाट सोडायची.

आणि आता आपली वाळू. माझ्या आजीला पक्षाघातानंतर चालता येत नाही. मागच्या दिवाळीत तिला एका किनाऱ्यावर नेलं. व्हीलचेअर रस्ता संपेपर्यंत झकास आली आणि वाळूत दोन फूट जाऊन रुतली. भाऊ ढकलतोय, मी ओढतेय, काही हलेना. रात्री होस्टेलच्या वहीत मी त्याचा हिशोब केला. खुर्ची आणि आजी मिळून 80 किलो. पुढच्या दोन छोट्या चाकांवर त्यातले 28 किलो, एकेकावर 14. ते चाक कडक रबराचं, अडीच सेंटिमीटर रुंद, टेकतं जेमतेम 3 चौरस सेंटिमीटर. दाब साडेचार किलोच्या वर. पावलाच्या दहापट! बग्गीलाही मागे टाकलं की! सुक्या वाळूचे कण एकमेकांना धरून नसतात, चाक सरळ खाली जातं आणि स्वतःपुढे वाळूचा ढीग करतं. पक्क्या रस्त्यावर 80 किलोची खुर्ची ढकलायला एक-दीड किलोचा जोर पुरतो. भुसभुशीत वाळूत तोच सोळा ते वीस किलोवर जातो. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी आपण 1:12 उतार शिकतो, त्याला पावणेसात किलोच्या आसपास लागतात. म्हणजे सपाट दिसणारी सुकी वाळू ही व्हीलचेअरसाठी 1:4 ते 1:5 चा चढ आहे. असा रॅम्प ड्रॉईंगमध्ये काढला तर सर शीट फाडतील.

ओहोटीनंतर पाण्यालगतची ओली वाळू मात्र कडक असते, कणांमधलं पाणी त्यांना ओढून धरतं, सायकलसुद्धा चालते. तिथपर्यंत पोचण्यासाठी मधला सुका पट्टा ओलांडायचा, एवढाच खरा प्रश्न. त्याला दोन उत्तरं जगात वापरात आहेत. एक, फुग्यासारख्या टायरची खुर्ची. हवा 3 पीएसआय, म्हणजे 0.2 किलो. ती पावलापेक्षाही अलगद जाते. दुसरं, वाळूवर अंथरायची वाट. चेन्नईत मरिना बीचवर नोव्हेंबर 2022 मध्ये पाण्याच्या जवळपर्यंत अडीचशे मीटरच्या वर लांबीची लाकडी वाट केली. पुढच्याच महिन्यात मंडूस चक्रीवादळात तिचा काही भाग मोडला, नंतर दुरुस्त झाला. समुद्राशी गाठ आहे, हे डिझाईनमध्ये पहिल्या दिवसापासून धरायला हवं.

सिंधुदुर्ग किल्ल्याची गोष्ट आणखी नाजूक. 1664 ते 1667 या काळात कुरटे बेटावर बांधलेला जलदुर्ग. आत गाडी नाही आणि नसावीच. मालवणच्या धक्क्यावरून होडी, उतरून दगड-वाळू, वाकडातिकडा दरवाजा (शत्रूला दिसू नये म्हणून तसा बांधला, पण आजीला काय माहीत), मग आत शिवराजेश्वराचं मंदिर. आजीला ते बघायचंच होतं. होडीवाल्या काकांनी विचारलंसुद्धा नाही, प्लास्टिकची खुर्ची आणली, चौघांनी उचलली. "आजये, घाबरू नको, आमी आसंव मां!" आणि खरंच सांभाळून नेलं, एक पैसा जास्त घेतला नाही. मंदिरात आजीने हात जोडले, डोळे पुसले. परत येताना मात्र मला हळूच म्हणाली, "माका भाताचा पोता केल्यानी गो!" हसत म्हणाली. पण पुढच्या वेळी येतेस का विचारलं तर नाही म्हणाली.

त्या 'पोत्या'चा विचार मी बरेच दिवस करतेय. आपल्याकडे माणुसकी भरपूर आहे, उचलायला चार हात कुठेही मिळतात. म्हणूनच बहुतेक रॅम्प कोणी मागत नाही. पण केसी मार्टिनने कोर्टात कॅडीच्या खांद्यावर बसून जायची परवानगी मागितली नव्हती, स्वतः चालवायची गाडी मागितली होती. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात रीझनेबल अकोमोडेशनची, म्हणजे वाजवी सोयीची कल्पना आहे: समोरच्यावर अवाजवी भार न टाकता, त्या माणसाला गरजेपुरता बदल करून द्यायचा. खेळ आणि करमणूक हेही त्या कायद्याच्या कक्षेत येतं, फक्त शाळा-दवाखाना नाही. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख लोकांनी अपंगत्व नोंदवलं, त्यातले सुमारे 54 लाख हालचालीच्या अपंगत्वाचे. शिवाय गुडघे धरून बसलेली आजी-आजोबा मंडळी त्या आकड्यात नसतातच.

तर बी.ई.च्या प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांना एक सुचवते. सुक्या वाळूच्या चाळीस-पन्नास मीटर पट्ट्यावर टाकता येईल अशी गुंडाळायची वाट. काथ्या आपल्याकडे आहे, बांबू आहे, मासेमारीची जुनी जाळी तर ढिगाने आहेत. 80 किलोच्या खुर्चीला किती जोर लागतो हे साध्या स्प्रिंग बॅलन्सने मोजता येतं: आधी रस्त्यावर, मग नुसत्या वाळूत, मग चटईवर. पाच किलोच्या खाली आला तर एका माणसाला आरामात ढकलता येईल, दोन किलोच्या खाली आला तर हातात जोर असलेला माणूस स्वतःची चाकं स्वतः फिरवेल. मेकॅनिकलवाल्यांनी पुढच्या छोट्या चाकांऐवजी एकच रुंद, कमी हवेचं चाक बसवून बघावं. स्कूटरची जुनी ट्यूब चालते का, हे मला खरंच बघायचं आहे. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद होतात, तेव्हा चटईही गुंडाळून ठेवायची, समुद्राशी भांडण नको. आणि कासवं अंडी घालतात त्या पट्ट्यातून वाट न्यायची नाही, हे पहिल्याच आराखड्यात लिहायचं. मुलींच्या होस्टेलवर स्प्रिंग बॅलन्स माझ्याकडे आहे, सबमिशन संपलं की घेऊन जा.